परतीच्या वाटेवरचे प्रश्न : वासाहतिक शिक्षणधोरण आणि परदेशी शिकलेल्यांचे लेखन

१

पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) मराठी वाङ्मयेतिहासात प्रवासवर्णनाच्या प्रकरणात येते. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र (१९१२) चरित्रवाङ्मयात मोडते आणि धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ (१९२४) आत्मचरित्रांत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन इंग्रजीत असल्यामुळे मराठीच्या अभ्यासात बहुधा कुठेच येत नाही. वाङ्मयप्रकारांनुसार केलेली ही वाटणी सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे या चारही संहितांना जोडणारी एक गोष्ट दृष्टीआड होते. ज्ञानासाठी देशाबाहेर गेलेल्या आणि परत आलेल्या माणसांच्या या कहाण्या आहेत. त्यांना बाहेर का जावे लागले, कोणाच्या पैशाने जावे लागले आणि परतल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न वासाहतिक शिक्षणव्यवस्थेच्या रचनेशी निगडित आहेत. वाङ्मयप्रकाराच्या चौकटीत वाचताना ही रचना केवळ ‘पार्श्वभूमी’ ठरते. प्रत्यक्षात ती या लेखनाच्या आशयाचा गाभा आहे.

या संहिता एकत्र वाचल्या की एक विसंगती लक्षात येते. वासाहतिक शिक्षणाची वाट लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजकडे जाणारी होती. त्या वाटेने गेलेले मराठी विद्यार्थी संख्येने अधिक आणि प्रतिष्ठेने मोठे होते. तरीही परदेशी शिक्षणाच्या अनुभवाची सखोल मीमांसा करणारे लेखन मुख्यतः ज्यांना ती वाट मोकळी नव्हती, किंवा ती पुरेशी नव्हती, अशांकडून झालेले दिसते. ही विसंगती कशामुळे निर्माण झाली आणि तिच्यातून वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराविषयी काय हाती लागते, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२

वासाहतिक शिक्षणधोरणाची चर्चा मराठीत बहुधा मेकॉलेच्या १८३५ सालच्या टिपणापासून सुरू होते आणि ‘कारकून घडवणारे शिक्षण’ या शेऱ्यापाशी थांबते. गौरी विश्वनाथन यांच्या ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथाने ही चर्चा पुढे नेली. धार्मिक तटस्थतेचे बंधन असलेल्या सत्तेने नैतिक वर्चस्वाचे साधन म्हणून इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम कसा योजला, याची त्यांनी केलेली मांडणी आता सर्वपरिचित आहे. मात्र ही मांडणी वर्गात काय शिकवले जात होते याविषयी आहे. वर्गाबाहेरच्या प्रवासाचा, म्हणजे शिक्षणाने आखून दिलेल्या भौगोलिक दिशेचा, विचार तिच्यात प्रमुख नाही.

ही दिशा धोरणातच अंतर्भूत होती. वुडच्या १८५४ सालच्या खलित्यानुसार १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. अध्यापन महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने प्रमाणपत्र द्यायचे, अशी ही विभागणी होती. अशा विद्यापीठात ज्ञान तपासले जाते. त्याची निर्मिती अन्यत्र होते, हे गृहीतच असते. विद्यापीठाने स्वतःचे अध्यापन विभाग उघडण्यास पुढे सहा दशके लागली. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखालील समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. म्हणजे १९१३ साली मुंबईच्या एखाद्या पदवीधराला आपल्याच समाजाचा शास्त्रीय अभ्यास करावयाचा असता, तर त्यासाठी त्याच्या विद्यापीठात जागाच नव्हती.

दुसरे साधन सनदी सेवेच्या परीक्षेचे. १८५५ पासून ही परीक्षा स्पर्धात्मक झाली, पण ती केवळ लंडनमध्येच होत असे. १८७८ पासून कमाल वयोमर्यादा एकोणीस वर्षांवर आणली गेल्यामुळे परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या हिंदी मुलाला जवळजवळ शाळकरी वयातच समुद्र ओलांडणे भाग पडले. भारतात ही परीक्षा घेण्यास १९२२ साल उजाडावे लागले. १८६९ साली परीक्षा उत्तीर्ण झालेल्या श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची नावे वयाच्या नोंदीतील तफावतीवरून वगळली गेली आणि नंतर ती पुन्हा समाविष्ट करावी लागली. वय सांगताना पूर्ण झालेली वर्षे मोजायची की चालू वर्ष धरायचे, एवढाच मूळ फरक होता. माणसाचे वय मोजण्याची देशी रीतही साम्राज्याच्या परीक्षेत संशयास्पद ठरते, एवढे या प्रसंगातून स्पष्ट होते.

या वाटेचा खर्च कोणाच्या माथी पडत होता, हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे जोतीराव फुले यांनी विचारला. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी ‘झिरपण्याच्या सिद्धान्ता’वर थेट बोट ठेवले. सरकारी महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो, तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आणि वरच्यांना दिलेले शिक्षण खाली झिरपल्याचा पुरावा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी शिक्षिका, शाळा तपासणाऱ्या स्त्रिया आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. ही दोन निवेदने अभ्यासात सहसा वेगवेगळी वाचली जातात, एक बहुजनशिक्षणाच्या संदर्भात आणि दुसरे स्त्रीशिक्षणाच्या. एकत्र वाचल्यास त्यांच्यातून धोरणाच्या दोन मोठ्या उणिवा शेजारी शेजारी दिसतात. पुढे ज्यांचे लेखन महत्त्वाचे ठरले, ते विद्यार्थी नेमके याच उणिवांतून बाहेर पडले.

३

शिक्षणाच्या या भौगोलिक दिशेचे सैद्धान्तिक विवेचन बेनेडिक्ट अँडरसन यांच्या ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ (१९८३) या ग्रंथात आढळते. व्हिक्टर टर्नर यांच्याकडून यात्रेची संकल्पना घेऊन अँडरसन असे म्हणतात की, वासाहतिक शाळा आणि कचेऱ्या यांनी एतद्देशीयांसाठी नव्या धर्मनिरपेक्ष यात्रा निर्माण केल्या. वेगवेगळ्या गावांतून आलेली मुले एकाच पाठ्यपुस्तकाच्या वाटेने एकाच केंद्राकडे निघतात. वाटेत भेटणाऱ्या सहयात्रींमुळे ‘आपण’ कोण याची जाणीव त्यांच्यात जागते. पण ही यात्रा एका उंचीवर अडते. ब्रिटिशांसारखा शिकलेला हिंदी अधिकारी ब्रिटिशांच्या बरोबरीला पोहोचू शकत नाही. या अडलेल्या यात्रेतून राष्ट्रवाद जन्मतो, अशी ही मांडणी आहे.

लंडनच्या वाटेला ही मांडणी बरीचशी लागू पडते. श्यामजी कृष्णवर्मा यांच्या साहाय्याने मिळालेल्या शिष्यवृत्तीवर १९०६ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेलेले वि. दा. सावरकर आणि तेथून त्यांनी मराठी पत्रांना पाठवलेली बातमीपत्रे हे त्याचे ठळक उदाहरण होय. हिंदी विद्यार्थी एकत्र आले की काय घडते, हे साम्राज्यालाही उमगले होते. १९०७ साली त्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ली-वॉर्नर समिती नेमली गेली आणि १९०९ साली कर्झन वायलीच्या हत्येच्या वर्षीच विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय उघडण्यात आले. मार्गदर्शन आणि पाळत यांतील सीमारेषा अशा व्यवस्थेत पुसट होत जाते, हे सांगण्याची गरज नाही. १९२१-२२ साली लिटन समितीने पुन्हा हाच विषय हाती घेतला. ज्या विद्यार्थ्याला धोरणाने बोलावले, त्याच्याकडेच त्याने संशयाने पाहावे, ही वासाहतिक शिक्षणातील अंतर्गत विसंगती होती.

परंतु अँडरसन यांच्या मांडणीला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, तिच्यातील यात्री सर्व एका केंद्राकडेच निघतात. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे : तिच्यात परतीचा विचार फारसा नाही. मराठी लोकव्यवहारात यात्रा परतल्याशिवाय पूर्ण होत नाही. काशीहून आलेला मनुष्य मावंदे घालतो, गंगाजळ वाटतो, आणि त्या जेवणाच्या पंगतीत त्याच्या यात्रेला समाजाची मान्यता मिळते. समुद्र ओलांडून आलेल्यासाठी मात्र पंगत नव्हती. त्याच्यासाठी प्रायश्चित्त होते. म्हणजे यात्रा निष्फळ ठरते ती केवळ साम्राज्याच्या कचेरीत नव्हे, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावरही. वासाहतिक विद्यार्थ्याच्या यात्रेला असे दोन अडसर होते, आणि दुसरा अडसर सर्वांना सारखा नव्हता. रँग्लर र. पु. परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले आणि परतल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांची यात्रा धोरणाला अभिप्रेत असलेली होती आणि समाजानेही तिचा गौरव केला. त्यांचे ‘एटी-फोर, नॉट आउट’ हे आत्मचरित्र इंग्रजीत आहे, आणि त्याचे शीर्षकच क्रिकेटच्या परिभाषेतले आहे. विवेकवादी आणि प्रांजळ असे हे व्यक्तिमत्त्व होते. परंतु परतणे हा त्या आयुष्यातला यक्षप्रश्न नव्हता. ज्यांच्यासाठी तो होता, त्यांच्या लेखनाकडे आता वळायचे आहे.

४

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीत दिलेले भाषण प्रसिद्ध आहे. आपण का जातो, येथे सोय नाही काय, एकटीच का जाते, परतल्यावर वाळीत टाकले तर काय, असे लोकांनी विचारलेले प्रश्न एकेक करून घ्यायचे आणि उत्तर द्यायचे, अशी त्याची रचना आहे. या भाषणाचे वाचन बहुधा धैर्याचा नमुना म्हणून होते. शिक्षणधोरणाच्या अंगाने वाचल्यास त्यातील युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे. येथे काहीच सोय नाही, असे त्या म्हणत नाहीत. मद्रासला महाविद्यालय आहे आणि सुईणपणाचे वर्ग इतरत्रही आहेत, हे त्या मान्य करतात. मात्र तेथील शिक्षण अपुरे आहे, शिकवणाऱ्यांची वृत्ती अनुदार आहे, आणि शिकायला घराबाहेर पडणाऱ्या बाईला रस्त्यावर जे सोसावे लागते ते या सर्वांहून कठीण आहे, अशा क्रमाने त्या पुढे जातात. संस्थेपासून शिक्षकापर्यंत आणि शिक्षकापासून रस्त्यापर्यंत नेणारा हा युक्तिवाद शिक्षणाची उपलब्धता आणि ते घेण्याची शक्यता यांत स्पष्ट भेद करतो. धोरण दार उघडल्याची नोंद करते; दारापर्यंतच्या रस्त्याची नोंद त्याच्या कागदपत्रांत नसते.

जाताना त्यांनी हिंदू म्हणून जाण्याचा आणि हिंदू म्हणूनच परतण्याचा निश्चय जाहीर केला होता. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, ही बाब चरित्रांत सहसा एका ओळीत येऊन जाते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवण्यासाठी सातासमुद्रापार गेलेली एकविशीच्या आतली ही स्त्री स्वतःच्या परंपरेतील ज्ञानाला त्या वैद्यकाच्या मंडपात उभे करते. त्यातील शास्त्रीय यशापयशाचा प्रश्न वेगळा. विषयाची ही निवड अनुकरणाच्या साध्या सूत्रात बसत नाही, हे येथे महत्त्वाचे.

काशीबाईंच्या चरित्राचे मोल त्यातील पत्रांमुळे वाढते. अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाई थंडीविषयी, आहाराविषयी, लुगडे नेसण्याच्या पद्धतीत कराव्या लागलेल्या बदलाविषयी लिहितात आणि नवऱ्याच्या संशयी, बोचऱ्या पत्रांना उत्तरेही देतात. लहानपणी शिकवताना त्यांनी केलेल्या मारहाणीचा हिशेब त्या एका पत्रात मांडतात. ती वागणूक चांगली की वाईट, याचा एकतर्फी निवाडा मात्र त्या देत नाहीत. हे पत्र समोरासमोर बोलता येण्यासारखे नव्हते. ते लिहिण्यासाठी मध्ये महासागर असणे आवश्यक होते. परदेशी शिक्षणाने दिलेली ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने आनंदीबाईंना घरोघरी पोहोचवले, पण त्यात कथेचा तोल दांपत्याच्या नाट्याकडे गेला. गोपाळरावांचा हेकट ध्येयवाद हाच या प्रवासाचा कर्ता ठरला आणि श्रीरामपूरच्या भाषणातील संस्थात्मक चिकित्सा मागे पडली. अंजली कीर्तने यांच्या चरित्रग्रंथाने (१९९७) आणि मीरा कोसंबी यांच्या संशोधनाने हा तोल बराच सावरला आहे.

आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना स्वीकारता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत त्या आहेत. ज्या यात्रेचा शेवट मावंद्याने व्हायचा, तिच्या अस्थीही परमुलखात विसावल्या.

रमाबाईंची वाट वेगळी. ‘स्त्रीधर्मनीती’ (१८८२) या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन त्या १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. अधू श्रवणशक्तीमुळे ते साधले नाही. वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर अशा स्त्रीचा प्रभाव राहणार नाही, असा त्या हरकतीचा रोख होता. साम्राज्याच्या केंद्रात बसून शिकवणाऱ्या हिंदू विदुषीला वसाहतीतल्या रूढीचे कारण सांगून साम्राज्याच्याच धर्माधिकाऱ्यांनी अडवावे, हा प्रसंग बोलका आहे. ए. बी. शाह यांनी संपादित केलेल्या पत्रव्यवहारात (१९७७) या वादाचे तपशील आहेत. तेथील रमाबाई आज्ञाधारक शिष्येपेक्षा प्रतिवादी म्हणून अधिक दिसतात.

१८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. ‘लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ची रचना पाहण्यासारखी आहे. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतचा प्रवास संपताच निवेदिका स्वतः मागे सरते आणि राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्म, उद्योग, स्त्रियांची स्थिती अशी विषयवार मांडणी सुरू होते. वासाहतिक ज्ञानव्यवहारात पाश्चात्त्याने हिंदुस्थानच्या ‘लोकस्थिती’ची नोंद करायची, अशी रीत होती, गॅझेटिअर आणि शिरगणती ही त्याची रूपे. रमाबाई तो चष्मा उलटा फिरवतात. एका वासाहतिक प्रजेने, तीही स्त्रीने, मराठी वाचकासाठी एका पाश्चात्त्य राष्ट्राची पद्धतशीर पाहणी करणे ही गोष्ट शीर्षकातच ध्वनित आहे. या पाहणीत कौतुक भरपूर आहे, आणि ब्रिटिशांचे जोखड झुगारून दिलेले राष्ट्र म्हणून असलेला आदरही. तरी गुलामगिरीचा इतिहास आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यातून वगळलेला नाही. अमेरिका हा त्यांच्यासाठी आदर्श आहे तो मुख्यतः वाचकाला प्रश्न विचारण्यापुरता : स्त्रियांनी एकत्र येऊन संस्था उभारल्या तर काय होते? परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडून त्यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. १८९३ साली धर्मांतराच्या वादातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. परतीचा अडसर येथेही होताच, फक्त त्याचे रूप बदलले होते.

५

विसाव्या शतकाच्या आरंभी याच वाटेवर भेटणारे कोसंबी आणि आंबेडकर यांच्यात एक दुवा आहे : दोघांनाही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता. म्हणजे येथे आधार ब्रिटिश धोरणाचा नव्हे, एका संस्थानिकाचा होता. अर्थात संस्थानाचा पैसाही रयतेचाच होता, आणि फुल्यांचा प्रश्न तेथेही लागू होता. पण या आश्रयाच्या अटी पाहिल्या की त्यामागील कल्पनेतील फरक जाणवतो. कोसंबींशी झालेल्या करारानुसार त्यांना महाराष्ट्रातील एखाद्या शहरात राहून दरवर्षी एक पुस्तक लिहायचे होते आणि त्याबद्दल महिना पन्नास रुपये मिळायचे होते. कलकत्त्यातील याहून पुष्कळ मोठे वेतन सोडून त्यांनी तो स्वीकारला. आंबेडकरांच्या करारात मात्र परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. एक करार वाचकाशी बांधणारा, तर दुसरा कचेरीशी.

कोसंबी जन्माने गोव्यातले, पोर्तुगीज अमलाखालचे. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेले. पाली आणि बौद्ध धर्म शिकण्याच्या ओढीने ते पुणे, काशी, नेपाळ करीत श्रीलंकेला पोहोचले, तेथे १९०२ साली त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि पुढे ब्रह्मदेशातही राहिले. ‘निवेदन’चा मोठा भाग या भ्रमंतीने व्यापला आहे. परदेशी शिक्षण म्हणताच पश्चिमेकडे पाहण्याची जी सवय धोरणाने लावली, तिला या पुस्तकात जागा नाही. कोलंबोचे विद्योदय परिवेण हे त्यातील विद्यापीठ आहे. दारिद्र्य, आजारपण आणि भाषेची अडचण सोसत तेथवर पोहोचलेला हा विद्यार्थी नंतर १९१० साली हार्वर्डला जातो, ते ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी, म्हणजे शिकण्यापेक्षा शिकवण्याच्या नात्याने अधिक. तेथे प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले. शेवटी कोसंबींनी हा ग्रंथ देवनागरीत १९४० साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली. ज्ञान पूर्वेकडचे आणि संपादकाचा अधिकार पश्चिमेकडचा, ही प्राच्यविद्येची श्रमविभागणी मान्य न करणारा हा मनुष्य त्याविषयी आवाज न चढवता लिहितो. ‘निवेदन’चा तो साधा, निरलंकृत सूर मराठी आत्मचरित्रात दुर्मीळ आहे.

आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र त्यांनी तेथे अभ्यासले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध त्यांनी वाचला. त्या वर्षी मुंबईत ना समाजशास्त्राचा विभाग होता, ना अशी निबंधवाचनाची जागा. पण अभाव केवळ विभागाचा नव्हता. जातीची उत्पत्ती हा विषय चर्चेस घेऊन, स्वतः त्या व्यवस्थेच्या तळाशी ठेवला गेलेला तरुण समकक्ष अभ्यासक म्हणून बोलतो आणि त्याचे म्हणणे युक्तिवादाच्या गुणावर ऐकले जाते, ही शक्यताच येथे नव्हती. परदेशी विद्यापीठाने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, याचे उत्तर येथे मिळते. ती म्हणजे आपल्या समाजाला अभ्यासविषय करण्यासाठी लागणारे अंतर आणि त्या अंतरावरून बोलण्याचा अधिकार. आनंदीबाईंचा प्रबंध आणि त्यांची पत्रे, रमाबाईंची पाहणी आणि हा निबंध यांना जोडणारे सूत्र हेच आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये या पाच वर्षांचे वर्णन जवळजवळ नाही. न्यूयॉर्क नाही, लंडन नाही. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, एवढे सांगून निवेदक थेट १९१७ च्या बडोद्याला येतो. करारानुसार नोकरीवर रुजू व्हायचे, पण राहायचे कोठे? हिंदू खाणावळ शक्य नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिलेल्या या पदवीधराला काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव हुसकावून लावतो. हिंदू आणि ख्रिस्ती स्नेही आपापल्या अडचणी सांगतात. आणि शेवटी तो एका सार्वजनिक बागेत बसून मुंबईच्या गाडीची वेळ होण्याची वाट पाहतो. या प्रसंगाचे निवेदन अत्यंत संयत आहे, आणि त्यामुळेच ते वाचकाला हादरवते. संहितेचे शीर्षक येथे उलगडते. परदेशात जाण्यासाठी लागणारा परवाना या निवेदकाला स्वतःच्या देशात परतल्यावर मिळत नाही. अँडरसन यांची यात्रा कचेरीच्या वरच्या पायरीवर अडते. ही यात्रा रात्रीच्या मुक्कामापाशीच अडली. येथे अडवणारे राज्यकर्ते नव्हते. राष्ट्रवादाच्या सिद्धान्तात यात्रेकरूंचा जो ‘आपण’ घडतो, त्यात या यात्रीला सामावून घेण्याची तयारी नव्हती, हे या संहितेतून मराठी समीक्षेने शिकण्यासारखे आहे.

ही संहिता इंग्रजीत का, हा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. अस्पृश्यता म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या परकीय वाचकाला ती सांगायची आहे, असे आरंभीच स्पष्ट केलेले आहे. रमाबाईंनी परदेश मराठी वाचकाला समजावून सांगितला, आंबेडकरांनी स्वदेश परकीय वाचकाला. लेखनाच्या भाषेची निवड येथे अभिरुचीचा भाग नाही. कोणाकडे दाद मागायची, याचा तो निर्णय आहे.

६

या चार संहितांच्या आधारे वसाहतकालीन शिक्षणाचे सरसकट निदान करणे उचित होणार नाही. या चौघांना बाहेर नेणाऱ्या वाटाही निर्मळ नव्हत्या. त्यांच्या मागे मिशन होते, संस्थानिक होते, परदेशी हितचिंतकांची दया होती आणि त्या दयेच्या अटी होत्या. अमेरिका ही लंडनची निष्कलंक प्रतिमा नव्हती, हे रमाबाईंनीच नोंदवले आहे. शिवाय आंबेडकरांचे शिक्षण लंडनमध्येही झाले. १९२३ साली तेथील डी.एस्सी. पदवी त्यांनी मिळवली, तीही नोकरीतील शिल्लक, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर परत जाऊन. म्हणून ‘लंडन विरुद्ध न्यूयॉर्क’ असा सोपा भेद येथे अभिप्रेत नाही. भेद आहे तो धोरणाने पाठवलेला विद्यार्थी आणि धोरणाच्या उणिवेतून निघालेला विद्यार्थी यांच्यात. पहिल्याला केंद्राचे प्रमाणपत्र आणायचे होते आणि ते त्याने आणले. दुसऱ्याला आपल्या समाजाविषयीचा एक प्रश्न सोडवायचा होता आणि तो सोडवण्याची जागा येथे नव्हती. पहिल्याचे परतणे हा समारंभ होता. दुसऱ्याचे परतणे हीच त्याच्या प्रश्नाची खरी कसोटी ठरली, आणि म्हणूनच त्याच्या लेखनात परतीला एवढे वजन आले.

आंबेडकरांनी १९४२ साली गव्हर्नर जनरलना सादर केलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी अनुदान मागितले, त्यामागे हा अनुभव होता. एका संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून राहिलेली वाट हक्काची व्हावी, अशी ही मागणी होती. फुल्यांनी १८८२ साली विचारलेल्या प्रश्नाचे साठ वर्षांनंतर दिलेले ते उत्तरही होते : रयतेचा पैसा रयतेच्या मुलांवर खर्च व्हावा. स्वातंत्र्यानंतर परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ही मागणी काही अंशी धोरणात उतरली.

म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत केलेल्या बदलाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही लक्ष द्यावयास हवे. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे विषय त्या नियमांनी शिष्यवृत्तीच्या कक्षेबाहेर ठेवले. या विषयांची साधने येथेच आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही, असे त्याचे समर्थन करता येते. परंतु साधने जेथे आहेत तेथेच प्रश्न विचारण्याची मोकळीक असते, हे गृहीतक श्रीरामपूरच्या भाषणापासून बडोद्याच्या बागेपर्यंतचे हे लेखन मान्य करीत नाही. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राची कागदपत्रे फिलाडेल्फियात नव्हती आणि जातिव्यवस्था काही न्यूयॉर्कमध्ये नव्हती. तरी ते प्रबंध आणि निबंध तेथे लिहिले गेले. २०२२ चा नियम १९१३ साली लागू असता, तर ‘कास्ट्स इन इंडिया’ लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या शिष्यवृत्तीसाठी आधी आपला विषय बदलावा लागला असता.